मदत हवी आहे: हा क्षेत्रीय प्रयोग की अर्धप्रयोग?

मंडळी, एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पात अडकले आहे.

आमच्या गावच्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्या. 'अ'ला वीस शब्द नुसते वाचून दाखवले, 'ब'ला तेच शब्द गोष्टीत गुंफून सांगितले. दहा मिनिटांनी आठवतील तेवढे लिहून घेतले. 'ब' बरीच पुढे गेली. एका मुलीने तर सगळे शब्द गोष्टीच्याच क्रमाने लिहिले!

वर्ग हे मुलांचं रोजचं ठिकाण, म्हणून मी याला क्षेत्रीय प्रयोग म्हटलं. सर म्हणतात, तुकड्या आधीच पडलेल्या होत्या, चिठ्ठ्या टाकून मुलं वाटली नाहीत, म्हणून हा अर्धप्रयोग. पण १९६९ चा न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला प्रयोग बघा. कधी काठीवाला, कधी दारूचा वास येणारा माणूस डब्यात कोसळायचा आणि कोण मदतीला धावतं ते टिपायचे. तिथे तरी प्रवासी कुठे चिठ्ठ्या टाकून वाटले होते? तरी तो क्षेत्रीयच म्हणून शिकवतात.

मग नाव ठिकाणावरून ठरतं की वाटणीवरून? की दोन्ही एकदम लागू होतात? आणि दोन्ही तुकड्यांचे घटक चाचणीचे गुण घेऊन मूळचा फरक तपासला तर चालेल का? सगळं पुन्हा करायचं म्हणजे मुलांचा आणखी एक तास जाणार, ते जिवावर येतंय. कुणी असा प्रकल्प केला असेल तर कृपया सांगा.