मोजणी झाली, दगड लावले, शेजाऱ्याने रातोरात उपटले. आता पुढे काय? (मदत हवी आहे)

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं की सगळे "मोजणी आणा" म्हणतात. मोजणी आणून झाली आहे.

सांगली जिल्ह्यात आमचा सव्वा एकराचा गट आहे, आईच्या नावावर. वडील कसतात, मी नोकरीमुळे पुण्यात असतो. पूर्वेचा शेजारी भावकीतलाच, नात्याने लांबचा चुलता. दरवर्षी नांगरटीला वीतभर बांध कोरायचा ही त्याची जुनी खोड, आणि वडील कानाडोळा करत आले. यंदा मे अखेरीला मात्र त्याने जेसीबी आणून ओढ्याकडचा बांध सपाट केला, आमच्या रानात नवा बांध घातला आणि पाऊस पडल्यावर आडसाली उसाची लागण करून मोकळा झाला. बांधावर आजोबांनी लावलेला कडुनिंब होता, तो आता त्याच्या उसाच्या सरीत उभा आहे.

आम्ही द्रुतगतीची फी भरून हद्द कायम मोजणी करून घेतली. भूकरमापक रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र) घेऊन आले. रस्त्याकडचा जुना दगड जागेवर निघाला, तिथे काही फरक नाही. ओढ्याकडे मात्र 9 फूट आत आलाय. लांबी साधारण 600 फूट, म्हणजे पाचरीच्या आकाराचे जवळपास अडीच गुंठे. शेजाऱ्याला नोटीस होती. दिवसभर तो बांधावर उभा राहून मोबाईलवर चित्रीकरण करत होता, सही करायला नकार दिला. संध्याकाळी आम्ही चुना टाकून दगड पुरले. सकाळी बघतो तर दगड ओढ्यात. वडील विचारायला गेले तर "परत दगड लावलास तर तुलाच पुरीन" ही भाषा. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र तक्रार) लिहून घेतली. तलाठी तहसीलला जा म्हणतात, तहसीलमध्ये कोर्टात जा म्हणतात. क प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आहे, पण रान त्याच्याच ताब्यात.

वडिलांना बीपी आहे, कोर्टाचं नाव काढलं की गप्प बसतात. नेमकं कुठे आणि कोणत्या क्रमाने जावं?

साखळी_आणे

मोजणी खात्यात नोकरी झाली, म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, त्याने सही केली नाही म्हणून मोजणी बाद होत नाही. नोटीस बजावल्याचा पुरावा आणि जागेवरचा पंचनामा, जबाब यांच्या नकला आजच मागून ठेवा. मोजणी मान्य नसेल तर त्याने निमताना मोजणीचा (फेरतपासणीच्या मोजणीचा) अर्ज करावा, तिथे उपअधीक्षक स्वतः तपासतात. तोंडी "मान्य नाही"ला काडीची किंमत नाही.

दुसरी गोष्ट लोकांना कळतच नाही. मोजणीने हद्द कळते, ताबा मिळत नाही. भूकरमापक रेघ दाखवून जातो. त्या रेघेपलीकडच्या माणसाला बाहेर काढणं त्याच्या अधिकारात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 138 मध्ये, हद्द ठरल्यावर गैरकब्जा असलेल्याला काढण्याची तरतूद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्ज जरूर द्या, पोच घ्या. पण खरं सांगायचं तर पुष्कळ ठिकाणी अशा अर्जावर "दिवाणी न्यायालयात दाद मागावी" असाच शेरा येतो. हद्दीच्या खुणा उपटल्याबद्दल कलम 145 खाली दंड आहे, तोही त्याच अर्जात मागा. दंड किरकोळ असतो, पण तुमची तक्रार कागदावर येते.

आणि गटाच्या नकाशाबरोबर जुन्या टिपणाची (मूळ मोजणीच्या मापांच्या नोंदीची) नक्कल काढा. त्यातली मापं साखळी-आण्यात असतात. 33 फुटांची साखळी, 16 आण्यांची. ओढ्याकडचं माप टिपणाशी जुळलं तर समोरच्याला बोलायला जागा उरत नाही.

रानवेडा

अडीच गुंठ्यांसाठी एवढा ताप? सोडून द्या दादा. नाहीतर सलोखा योजनेत अदलाबदल करा, हजार रुपये मुद्रांक आणि हजार नोंदणी फी.

ॲड_कृष्णाकाठ

सलोखा योजना इथे लागू नाही. ती एकाचं रान दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचं पहिल्याकडे, असा किमान 12 वर्षांचा परस्पर ताबा असेल त्यांच्यासाठी आहे. इथे एकतर्फी घुसखोरी आहे, तीही यंदाची.

ओढ्याकाठचा, तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द "मे अखेर" हा आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली, कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून काढलेल्याला शेतजमिनीचा ताबा परत देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. पण दावा 6 महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. तुमची मुदत नोव्हेंबर अखेर संपते. दिवाळी मध्ये आहे, तेव्हा कार्यालयं कधी उघडी असतील ते पाहून घ्या. तहसीलमध्ये तुम्ही नुसता तक्रार अर्ज घेऊन गेला असाल तर "कोर्टात जा" हे उत्तर येणारच. या कायद्याखालचा रीतसर दावा ही वेगळी गोष्ट आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 6 चा दिवाणी दावाही आहे, मुदत तीच.

या दोन्हीत प्रश्न मालकी कोणाची हा नसतो, मे महिन्यापर्यंत ताबा कोणाचा होता एवढाच असतो. त्यामुळे क प्रतीपेक्षा जुन्या वहिवाटीचा पुरावा जास्त कामाचा. गेल्या हंगामातली ई-पीक पाहणीची नोंद आणि फोटो, जेसीबी बघितलेला माणूस, तो कडुनिंब. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं उघडा. झाड आणि बांध एका रेषेत दिसत असतील तर त्या प्रती काढा.

मुदत हुकली तरी सगळं संपत नाही. मालकी हक्कावर ताब्याचा दिवाणी दावा 12 वर्षांपर्यंत करता येतो, पण तो लांबतो. उरलेल्या रानात तो आणखी आत येऊ नये म्हणून मनाई हुकूम मागता येईल. गेलेलं रान नुसत्या मनाईने परत येत नाही, हे मात्र वडिलांना आधीच सांगा.

ओढ्याकाठचा

@रानवेडा, सोडून दिलं असतं हो. पण पुढच्या वर्षी तो बोअरपर्यंत येणार, बोअर नव्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे.

वकीलसाहेब, 6 महिन्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं. एक शंका. त्या अडीच गुंठ्यांतला ऊस आमच्या रानात आहे, तर तोडून टाकावा असं धाकटा भाऊ म्हणतोय. चालेल का?

ॲड_कृष्णाकाठ

अजिबात नाही. उसाच्या एका पानाला हात लावू नका. आज फिर्यादी तुम्ही आहात, उद्या चोरी आणि नुकसानीच्या गुन्ह्यात आरोपी व्हाल. भावाला काही दिवस पुण्याला बोलावून घ्या.

मळ्यातली_सून

आमच्याकडे सासऱ्यांच्या बाबतीत हेच झालं होतं, म्हणून लिहिते. वडिलांना त्या बांधावर एकटं जाऊ देऊ नका. पाणी पाजायला जायचंच असेल तर सोबत कोणीतरी हवं. जे बोलायचं ते लेखी. धमकी पुन्हा दिली तर पुन्हा एनसी करा आणि प्रत्येक वेळी प्रत घ्या. दोन-तीन एनसी झाल्या की चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याची, मागणी अर्जाने करता येते (आता नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, बीएनएसएसचं, कलम 126, पूर्वीचं 107). आमच्याकडे त्या बाँडनंतरच आवाज खाली आला.

आणि गट आईच्या नावावर आहे ना? मग तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याने बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आम्हाला हे उशिरा कळलं. तंटामुक्ती समितीचंही बघा, पण अध्यक्ष त्याच भावकीतला असेल तर वेळ घालवू नका.

ओढ्याकाठचा

अध्यक्ष त्याचा साडू आहे 😀 त्यामुळे ते राहू द्या.

आईशी बोललो. ती वडिलांपेक्षा खमकी निघाली, "दावा माझ्या नावाने घाला" म्हणाली. सोमवारी रजा टाकून तालुक्याला जातोय. शेवटचं एक विचारतो, आईचे गुडघे गेलेत. तिला प्रत्येक तारखेला यावं लागेल का?

ॲड_कृष्णाकाठ

नाही. तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्या, कागदपत्रांची कामं आणि तारखा तुम्ही बघाल. साक्ष मात्र ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचीच लागते, म्हणजे इथे वडिलांची. शिवाय पश्चिमेचा लगतधारक जुन्या बांधाबद्दल बोलायला तयार आहे का, ते सोमवारच्या आधीच विचारून घ्या.