छोटा मिररलेस रोज सोबत ठेवून बघितलाय का? अनुभव लिहा

तीन महिने झाले, छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) रोज बॅगेत ठेवतोय. आधी आरशावाला डीएसएलआर होता, पण वजनापायी तो कपाटातच राहायचा. आता एपीएस-सी सेन्सरवालाच आहे, म्हणजे उजेड टिपणारा भाग साधारण २३.५ बाय १५.६ मिमी, पण बॉडी तळहाताएवढी.

मला सगळ्यात आवडलं ते हे की फोटो काढायच्या आधीच तो कसा येणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. परवा आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती, मागून लख्ख ऊन, त्यामुळे तिचा चेहरा पार काळा पडत होता. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा डायल दोन-चार टिचक्या फिरवला आणि चेहरा हळूहळू उजळत गेला, बारीक केलेले डोळे, ओठात धरलेलं दोऱ्याचं दुसरं टोक, सगळं दिसायला लागलं, तेव्हा बटण दाबलं. खिडकी पांढरीफटक गेली, जाऊ दे.

तुम्ही काय काय शिकलात ते सांगा, सेटिंगसकट.

*

माझी मुलगी चार वर्षांची, एका जागी थांबत नाही. सुरुवातीचे सगळे फोटो हललेले, मला वाटायचं फोकस चुकतोय, पण खरं कारण शटर स्पीड होता, घरातल्या उजेडात कॅमेरा आपोआप १/६० सेकंदावर जायचा. मग ऑटो आयएसओमध्ये (उजेडाची संवेदनशीलता कॅमेरा स्वतः ठरवतो ते) किमान शटर १/२५० करून टाकला, आयएसओ ६४०० पर्यंत जाऊ दिला, डोळ्यावरचा फोकस चालू ठेवला. दाणे दिसतात थोडे, पण दाणे नंतर कमी करता येतात हो, हललेला फोटो नाही सरळ करता येत.

*

सायलेंट शटरबद्दल लिहितेच. भाच्याच्या कार्यक्रमात आवाज नको म्हणून पडदा न हलवता चालणारा इलेक्ट्रॉनिक शटर लावला आणि घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे! सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो आणि काही एलईडी दिवे आपल्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात, म्हणून काही ओळी उजळ, काही काळपट. तो कार्यक्रम काही परत होणार नाही, फार वाईट वाटलं. आता दिव्याखाली मेकॅनिकल शटरच.

*

बॅटरी जास्तीची घ्याच, स्क्रीन आणि सेन्सर सतत चालू असतात त्यामुळे डीएसएलआरपेक्षा लवकर उतरते. आणि धूळ. लेन्स काढली की बहुतेक मिररलेसमध्ये सेन्सर उघडाच असतो, म्हणून कॅमेरा बंद करून तोंड खाली धरून लेन्स बदलतो. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, मोकळं आभाळ टिपलं की डाग लगेच दिसतात, एफ/२ वर छिद्र मोठं, तिथं पत्ता लागत नाही. रबरी ब्लोअरनं हवा मारायची, तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते.

*

मी मायक्रो फोर थर्ड्सवाला, २००८ साली पॅनासॉनिकच्या जी१ नं ही सिस्टिम सुरू झाली तेव्हापासून लक्ष होतं, घेतला मात्र फार उशिरा. सेन्सर १७.३ बाय १३ मिमी, लहान, म्हणून लेन्सही लहान. वर्षभर एकच २० मिमीची पॅनकेक (चपटी लेन्स) लावलीये, फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशोबात ४० मिमी. झूम नाही म्हटल्यावर पाय हलवावे लागतात, आता कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळतं कुठं उभं राहायचं. रात्रीच्या स्थिर दृश्यांना मात्र मोबाईल बरा पडतो, तो चार-सहा फ्रेम स्वतःच जोडून देतो, मला तेच रॉमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून) बसून काढावं लागतं.

*

धागाकर्ता परत. १/२५० वालं सेटिंग आजच लावून बघितलं, पुतणी पलंगावरून उडी मारताना, केस सगळे वर आणि डोळे एकदम शार्प, खूप आभार! २० मिमीवाल्यांना एक विचारायचंय, लहान खोलीत ४० मिमी अरुंद नाही का वाटत? माझी पाठ लगेच भिंतीला टेकेल असं वाटतंय.