मदत हवी आहे: तोंडी बरोबर, लेखी चूक. आकारिक मूल्यमापनाची नोंद कशी करावी?

नमस्कार. दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला गणित शिकवते. पट ३८.

अपूर्णांकांच्या चाचणीत एका मुलाने ३/४ + १/२ = ४/६ लिहिलं. अंशात अंश, छेदात छेद. त्याचे आईवडील द्राक्षबागेत कामाला जातात, म्हणून मधल्या सुट्टीत सहज विचारलं, पाऊण क्रेट आणि अर्धा क्रेट मिळून किती? "सव्वा क्रेट, मॅडम." क्षणाचाही विचार नाही! तेच वहीत मांडायला लावलं, तर पुन्हा ४/६. रात्रभर तेच डोक्यात होतं.

सहावीला आकारिक (रोज वर्गात चालणारं) मूल्यमापन ५० टक्के, संकलित (सत्राअखेरचं) ५० टक्के. म्हणजे निम्मं मूल्यमापन रोजच्या वर्गातच व्हायला हवं. पण गेल्या वर्षी मी वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटच्या दोन दिवसांत भरल्या. "गणिती क्रिया अचूक करतो" हे वाक्य निम्म्या वर्गाला लागलं. यंदा तसं करायचं नाही.

अडचण वेळेची आहे. एकाला तीन मिनिटं धरली तरी तोंडी कामाला ११४ मिनिटं जातात, तोवर बाकीच्यांचं काय? त्याऐवजी प्रकल्प द्यावा, तर तो बऱ्याचदा घरचे मोठेच करून देतात. आणि या मुलाला गुण कुठे, किती द्यायचे?

प्रतिसाद:
ताई, मी निफाडकडे आहे. सगळ्यांना एकाच दिवशी घेऊ नका. रोज पाच जण, बाकीच्यांना स्वाध्याय. आठ दिवसांत वर्ग होतो. नोंदीत विशेषण नको, मुलाचं उत्तर जसंच्या तसं लिहा: "पाऊण + अर्धा = सव्वा, तोंडी." तोंडी कामाचे गुण पूर्ण द्या, चाचणीचे आहेत तसेच राहू द्या. दोन्हींची सरासरी काढलीत तर नेमकं काय अडलंय तेच झाकलं जाईल.

त्याला विचारा, ४/६ मोठा की पाऊण? ४/६ लहान निघतो. मिळवल्यावर माल कमी कसा झाला, हे त्यालाच खटकेल. मग क्रेटचे चार भाग आखायला लावा. अर्धा म्हणजे दोन चतुर्थांश, हे त्याला आधीच माहीत आहे, फक्त लिहिता येत नाही. पंधरा दिवसांनी तसंच गणित पुन्हा द्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार, सर. उद्याच्या तासिकेत पहिल्या पाचांत त्यालाच घेते. क्रेट आखायला खडू पुरेल ना, की कागदाच्या पट्ट्या कापून नेऊ?