अनुभव धागा: क्रूझला निघण्याआधी कोणत्या लशी घेतल्या?

धागाकर्ती, कोथरूड

आमच्या सोसायटीत सध्या क्रूझचं वारं शिरलंय. आधी चारधाम, मग युरोप, आता जहाज. माझे आईबाबा (७१ आणि ७६) ऑक्टोबरात बार्सिलोनाहून सुटणाऱ्या भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालेत. टूरवाल्यांनी दिलेल्या यादीत व्हिसा आहे, विमा आहे, गळ्यात अडकवायचं पाकीट आहे, कॅप्टनच्या पार्टीला 'एक भारतीय पोशाख' आहे. लशींबद्दल एक अक्षर नाही. फोन केला तर म्हणे, "मॅडम, कम्पल्सरी काही नाहीये." आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "फ्लूची घ्या, बाकी बघू."

त्या 'बाकी बघू'मध्ये काय काय येतं, ते तुमच्याकडून ऐकायचंय. कोणी काय घेतलं, किती आधी घेतलं, नंतर त्रास झाला का, जहाजावर चढताना कोणी कागद मागितले का. 'तुमच्या डॉक्टरांना विचारा' हे कृपया लिहू नका, त्यांना विचारतेच आहे. आणि बुफेचे फोटो दुसरीकडे टाका.

सहकारनगरचे काका

आम्ही उभयता ज्येष्ठ नागरिक संघातल्या मंडळींबरोबर सिंगापूरच्या क्रूझला गेलो होतो. आमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात पटवलं: "जहाज म्हणजे तीन-चार हजार माणसांची समुद्रावरची चाळ, आणि तुम्ही त्यातले सगळ्यात म्हातारे भाडेकरू." फ्लूची लस निघण्याच्या साधारण महिनाभर आधी घेतली. तिचा असर यायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे विमानतळावर जाताना वाटेत टोचून घेण्यात अर्थ नाही. सौ.ना दमा आहे, म्हणून त्यांना न्यूमोनियाची लसही दिली. दोन दिवस दंड दुखला, एवढंच.

नागिणीची लस मात्र घरात वादाचा विषय झाली. भारतात ती २०२३ पासून मिळते, पन्नाशीनंतर घेतात, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. किंमत ऐकून सौ. म्हणाल्या, एवढ्यात बाल्कनीची खोली आली असती. मी घेतली. माझ्या साडूंना झालेली नागीण मी जवळून पाहिलीय, पुरळ उतरल्यावरही सहा महिने माणूस सदरा अंगाला लागू देत नव्हता. क्रूझसाठी ती घ्यावीच लागते असं नाही, पण क्रूझच्या निमित्तानं राहिलेलं काम झालं.

परतीच्या बसमध्ये अर्धी मंडळी खोकत होती. आम्ही दोघं नाही. लशीमुळे की नशिबानं, ते मला ठरवता येणार नाही.

नारायण पेठ, जन्मापासून

आम्ही मुंबई-गोवा-लक्षद्वीप केलं. कसलीही लस घेतली नाही, काहीही झालं नाही. बोट लागली तेवढी. बोट लागण्यावर लस नाही, आल्याची वडी आहे. हल्ली माणसं पानशेतला निघाली तरी आधी डॉक्टर गाठतात.

कर्वेनगर, जनरल प्रॅक्टिस

नारायण पेठेतले काका, मुंबईहून गोव्याला जायला वेगळी प्रवासी लस लागत नाही, हे अगदी मान्य. पण फ्लूला पासपोर्ट लागत नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू आपल्याच पुण्यात झाला होता, तेव्हा नायडू हॉस्पिटलबाहेरची रांग तुम्हीही पाहिली असेल.

ताई, तुमच्या 'बाकी बघू'बद्दल. मी पेशंटला आधी जहाजाचं नाव विचारत नाही, ते कुठल्या कुठल्या बंदरांना लागणार ते विचारतो. जहाजावर जपायचं ते मुख्यतः श्वासाच्या आजारांपासून आणि पोटापासून. उरलेल्या लशी ठरतात त्या किनाऱ्यावर उतरून काय करणार त्यावर. सहा ते आठ आठवडे आधी यावं ही माझी विनवणी असते, लोक येतात चार दिवस आधी, तेही बॅग भरून झाल्यावर.

युरोपात गोवराकडे लक्ष द्या. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागात गोवराचे सव्वा लाखाहून जास्त रुग्ण नोंदले गेले, १९९७ नंतरचा हा सगळ्यात मोठा आकडा. तुमच्या आईबाबांच्या पिढीला गोवर लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यांची काळजी नको. बरोबर तिशी-पस्तिशीतलं कोणी जाणार असेल तर एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) दोन डोस झालेत का ते बघा. गोवराच्या लशी जगभर पाठवणारी सीरम इन्स्टिट्यूट हडपसरला आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या तरुणांना आपला दुसरा डोस झाला की नाही, हे आईला फोन करून विचारावं लागतं.

धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर तीही घ्या. पायऱ्यापायऱ्यांची बंदरं, ओले धक्के, खरचटतंच.

बाणेर, आयटीतला

आमचा अनुभव जरा वेगळा, कारण आमची क्रूझ ब्युनोस आयर्सला सुरू होऊन रिओला संपणार होती. ब्राझील यलो फीवरच्या (डासांतून पसरणारा पीतज्वर) यादीत आहे. पनामा कालव्याची क्रूझ बघत असाल तर पनामासुद्धा आहे. त्या देशातून निघून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचा दाखला नसला, तर तुम्हाला विलगीकरणात ठेवता येतं. म्हणजे अडचण जाताना नाही, घरी येताना आहे, आणि नेमकं हेच बुकिंग करताना कोणी सांगत नाही.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, तीही ठरलेल्या वारी आणि आधी नाव नोंदवून. कारण एका कुपीत अनेक डोस असतात, आणि पावडर एकदा पाण्यात मिसळली की काही तासांत संपवावी लागते. माणसं जमली की कुपी फोडतात. पासपोर्ट मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, मग दाखल्याचं ते पिवळं पुस्तक हातात दिलं. तिथेच उभं राहून तपासा. माझ्या पासपोर्टच्या आकड्यांतला १ हा बाईंनी ७ सारखा काढला होता. दाखवल्यावर त्यांनी न कुरकुरता नवीन पुस्तक लिहिलं, बॅच नंबर पुन्हा घातला, गोल शिक्का पुन्हा मारला. तोच ७ मुंबई विमानतळावर सापडला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. तिथल्या आरोग्य काउंटरवर प्रत्येकाचं पुस्तक उघडून पासपोर्टशी ताडून बघत होते.

दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो. एकदा लागू झाला की जन्मभराचा. पूर्वी दहा वर्षांचा असायचा, ते जुलै २०१६ पासून बदललं, त्यामुळे जुनं पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका.

बाबाही येणार होते. ते ६७. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना क्वचित पण गंभीर त्रास होऊ शकतो, असं सांगून डॉक्टरांनी विचार करायला लावला. वैद्यकीय सूट म्हणून पत्र मिळतं, पण ते प्रत्येक देश मानेलच असं नाही. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि आमचा नाद सोडून अलास्काची क्रूझ धरली. तिथे यलो फीवरचा प्रश्नच नाही.

कर्वेनगर, जनरल प्रॅक्टिस

बाबांना अलास्काला फ्लूची लस घेऊन पाठवलंत ना? 'उन्हाळ्यात कसला फ्लू' असं वाटतं, पण १९९८ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या प्रवाशांमध्ये फ्लूची मोठी साथ पसरली होती. जहाजावर दोन्ही गोलार्धांतली माणसं एकत्र येतात, कोणाकडे हिवाळा चालू असतोच.

आणखी एक. यलो फीवर, एमएमआर, कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लशी. त्या एकाच दिवशी तरी द्याव्या लागतात, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. शेवटच्या पंधरवड्यात आलेल्यांचं गणित इथेच फसतं. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर यलो फीवरच्या केंद्रावर ते आधीच सांगा.

औंध, संधिवातवाली

मी मेथोट्रेक्सेटवर आहे (संधिवाताची गोळी, प्रतिकारशक्ती दाबते), म्हणून लिहिते. आमच्यासारख्यांसाठी जिवंत लशी बाद. आमच्या मैत्रिणींचा बेत आफ्रिकेचा किनारा धरून जाणाऱ्या क्रूझचा होता, मीच तो ग्रीसकडे वळवायला लावला. चौघींनी तोंडं पाडली, पण सँटोरिनीचे फोटो बघून आता माझेच आभार मानतात.

ज्या चालतात त्या कशा घ्यायच्या, याचं उत्तर माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे होतं, फॅमिली डॉक्टरांकडे नाही. फ्लूची लस घेतल्यावर त्यांनी मेथोट्रेक्सेट दोन आठवडे बंद ठेवायला सांगितलं, म्हणजे शरीर लशीला नीट दाद देतं. हे ज्याच्या त्याच्या आजारावर ठरतं, माझं वाचून कोणी गोळी बंद करू नका. त्या दोन आठवड्यांत बोटं थोडी आखडली, सकाळी बरणीचं झाकण नवऱ्याकडून उघडून घेत होते. जहाजावर मात्र ठणठणीत.

वारज्याचा दर्यावर्दी

मी क्रूझवर रेस्टॉरंटमध्ये काम करतो, सध्या सुट्टीवर घरी आहे. आम्हाला चढण्याआधी वैद्यकीय तपासणी असते, आमच्या कंपनीत गोवर आणि कांजिण्यांच्या लशीचा पुरावा असल्याशिवाय घेत नाहीत. प्रवाशांना सहसा कोणी विचारत नाही. म्हणजे वाढणारा लस घेतलेला, जेवणारा देवाच्या भरवशावर.

जिला आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो त्या गोष्टीवर लसच नाही: नोरोव्हायरस. उलट्या आणि जुलाब, एकदम. बुफेच्या दाराशी ठेवलेलं जेल त्यावर फारसं चालत नाही, कारण अल्कोहोलनं तो नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. म्हणूनच आमची पोरं दारात उभी राहून 'वॉशी वॉशी' गाणी म्हणतात. आपले लोक व्हिडिओ काढतात आणि हात न धुता आत जातात. एकच चिमटा शंभर हातांतून फिरतो आणि शेवटी डोशावर येतो.

केसेस वाढल्या की बुफेवर तुम्हाला स्वतः वाढून घेता येत नाही, आम्ही वाढतो. कठडे, लिफ्टची बटणं, कॅसिनोतली नाणी, सगळं दिवसभर पुसतो. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजावर ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की तिथली आरोग्य यंत्रणा जहाजाचं नाव जाहीर करते, त्यामुळे कंपनीही हे अंगावर काढत नाही. आम्हा जेवण हाताळणाऱ्यांना बरं वाटल्यावरही दोन दिवस कामावर घेत नाहीत.

पोट बिघडलं तर लपवू नका. प्रवासी लपवतात, कारण खोलीत बसवून ठेवतात आणि पैसे वाया जातात. मग लपवणाऱ्याच्या शेजारच्या टेबलवरचे आठ जण खोलीत बसतात. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं, विमा घेतलात तर त्यात जहाजावरचा दवाखाना धरलाय का ते आधी वाचा.

२०२० मध्ये जपानच्या योकोहामाला डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ उभी होती, ७०० हून जास्त माणसांना कोविड झाला, त्यात आपल्या देशाची पोरंही होती. तेव्हापासून आई मला लशीचं कार्ड घेतलंस का, हे डब्याआधी विचारते.

विमाननगर, दोन मुलांची आई

मुलांचं थोडक्यात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर बऱ्याच क्रूझ कंपन्या घेतच नाहीत, लांब समुद्री टप्प्यांना वर्षाची अट असते. आमच्या धाकटीचा कांजिण्यांचा दुसरा डोस राहिला होता, तो निघण्याआधी घेतला. बालरोगतज्ज्ञांच्या फाइलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आमच्या फाइलवर वरण सांडलेलं आहे, फोटोत ते दिसत नाही.

नारायण पेठ, जन्मापासून

वाचतोय. चिमट्याचं वाचल्यापासून बुफे बंद. साबणाची वडी बरोबर नेणार. लशीचं बघू.

धागाकर्ती, कोथरूड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कर्वेनगरचे डॉक्टर, हिपॅटायटिस एचं (खाण्यापाण्यातून होणारी कावीळ) राहिलं. बार्सिलोनाहून परत येताना इस्तंबूल आणि इजिप्तचा जादा टप्पा घ्यायचा बाबांचा विचार पक्का होतोय, आणि तिथे ते रस्त्यावरचं खाणार, मला माहितेय.

कर्वेनगर, जनरल प्रॅक्टिस

इजिप्त असेल तर टायफॉईडची घ्या, कॉन्जुगेट प्रकारची, एक डोस. हिपॅटायटिस एसाठी आधी रक्तातली अँटिबॉडी बघा. आपल्याकडे त्या वयाच्या बहुतेकांना लहानपणी तो होऊन गेलेला असतो, मग लस लागत नाही. निगेटिव्ह आली तर एक डोस आत्ता, दुसरा सहा महिन्यांनी, परत आल्यावर.

धागाकर्ती, कोथरूड

रिपोर्ट आला. दोघंही पॉझिटिव्ह. आईला कधी कावीळ झाल्याचं आठवतच नाही, आजी म्हणायची 'हिला उन्हाळी लागली होती', ती बहुधा हीच. टायफॉईड काल झाली, फ्लूची सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. हिपॅटायटिसचे वाचलेले पैसे आईनं पिरॅमिडपाशी उंटावर बसण्यासाठी बाजूला काढलेत. उंट चावला तर रेबीजचं काय, हे आता बाबा विचारतायत.