बालगंधर्व पाडून ‘हरित’ नाट्यगृह बांधायचं, की आहे तेच हिरवं करायचं?

विंगेतून
पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय २०१८ पासून अधूनमधून डोकं वर काढतो. हल्ली चर्चेत कुणी ना कुणी म्हणतंच, की नवी इमारत झाली तर ती पर्यावरणपूरक होईल, छतावर सौर पॅनेल येतील, पाणी जिरवता येईल. मला हे पटत नाही.

८ ऑक्टोबर १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या हातून या वास्तूची कोनशिला बसली. २६ जून १९६८ ला ती खुली झाली तेव्हा ते हयात नव्हते. हे आठवलं की माझा गळा दाटतो, पण आज तो मुद्दा मांडत नाही. आज फक्त सिमेंट, लोखंड आणि विजेबद्दल बोलतो.

एक टन सिमेंट तयार होताना साधारण सहाशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सध्याच्या इमारतीचं सिमेंट साठच्या दशकातच भाजून झालंय, त्याची किंमत हवेनं केव्हाच चुकवली आहे. ते फोडायचं, राडारोडा ट्रकमध्ये भरून शहराबाहेर न्यायचा, मुठा नदीच्या इतक्या जवळ तळघर खणायचं आणि पुन्हा हजारो टन काँक्रीट ओतायचं. एवढं करून छतावर पॅनेल लावले तर तो हिशेब कधी फिटणार?

सिडनीचं ऑपेरा हाउस बघा. १९७३ ला उघडलं तेव्हापासून तिथली वातानुकूलन यंत्रणा बंदरातल्या समुद्राच्या पाण्यावर गार होते. जुनी वास्तू तशीच ठेवून आतली यंत्रणा सुधारत सुधारत ते २०१८ मध्ये कार्बन-न्यूट्रल (जेवढा कार्बन सोडतात तेवढ्याची भरपाई करणारे) झाले आणि २०२३ मध्ये त्यांना तिथल्या हरित मानांकनाचे सहाच्या सहा तारे मिळाले. त्यासाठी काही पाडावं लागलं नाही.

इमारतवाला
पंचवीस वर्षं बांधकामात आहे, म्हणून विरोधात लिहितो. सिडनीच्या पायाशी समुद्र आहे. आपल्या नदीचं पाणी आज कुठल्या यंत्रात घ्यायच्या लायकीचं आहे का?

दुसरं, तुम्ही फक्त बांधकामाचा कार्बन मोजलात. प्रेक्षागृह दिवसाला तीन प्रयोग चालतं आणि हजारेक माणसांच्या अंगची उष्णता एसीला बाहेर फेकावी लागते. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. पन्नास वर्षांची ती वीज मोजा. नव्या इमारतीत भिंतींना आणि छताला उष्णतारोधक थर देता येतो, ताजी हवा माणसांच्या संख्येनुसार कमी-जास्त करता येते. जुन्या सांगाड्यात नळ्या वळवायलाही जागा नसते. शिवाय त्याच जागेवर दोन-तीन प्रेक्षागृहं झाली तर शहराबाहेर नवी जमीन लागणार नाही. हा फायदा कुणी धरतच नाही.

डिमर_बोर्ड
मी प्रकाशयोजना करतो. या वादात एसीवर सगळे बोलतात, पण त्या एसीला निम्मं काम आम्हीच देतो असं कधी कधी वाटतं. एक हॅलोजन पार कॅन, म्हणजे रंगमंचावर टांगलेला डब्यासारखा दिवा, १००० वॉटचा. मध्यम नाटकाला असे तीस-चाळीस सहज लागतात, म्हणजे चाळीस किलोवॉटपर्यंत मजल जाते. त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन खाली नटांच्या डोक्यावर उतरतो आणि मग तीच उष्णता काढायला पुन्हा वीज. त्या जागी दीडशे-दोनशे वॉटचा एलईडी चालतो. यासाठी इमारतीची एक वीटही हलवावी लागत नाही.

पण ‘बदला की एलईडी’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. हॅलोजन हळूहळू मंद होताना तांबूस होत जातो, निखारा विझावा तसा. अंकाच्या शेवटी तो उजेड जे करतो ते स्वस्त एलईडीला जमत नाही. तो शेवटच्या पाच टक्क्यांत थांबत थांबत उतरतो आणि पटकन विझतो. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण प्रसंग तुटतो. चांगले दिवे घेणार असाल तरच घ्या. सगळ्यात स्वस्त निविदा भरणाऱ्याचे घेतले तर दोन वर्षांत आम्ही पुन्हा भाड्याचे हॅलोजन टेम्पोत घालून आणू.

कोल्हापूरकर
तुमच्या सगळ्या हिशेबात एक गोष्ट नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पूर्ण झालेलं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूनं लोक उभे राहून रडत होते. त्यात मीही होतो.

शंभर वर्षं जपलेलं लाकूड एका रात्रीत धूर झालं. आता तुम्ही सौर, एलईडी, नवे एसी म्हणता. त्या प्रत्येकाबरोबर जुन्या भिंतीतून नवी वायर जाणार. आधी वायरिंग, अग्निशमन, पाण्याची टाकी, रात्रीचा पहारा. हिरवेपणाचा पहिला खर्च इथे झाला पाहिजे. वास्तूच राहिली नाही तर वाचवलेल्या युनिटांचं काय करायचं?

मधली_रांग
आमच्या गावच्या नाट्यगृहात आईला शेवटचं नेलं तेव्हा पायऱ्या चढताना ती दोनदा बसली. मध्यंतरात स्वच्छतागृहापर्यंत जाऊन परत येईतो दुसरा अंक सुरू झालेला. ‘जुनं तेच ठेवा’ म्हणणारे बहुतेक धडधाकट असतात. लिफ्ट, उतार, चाकाच्या खुर्चीतून येऊन बसायची सोय जुन्या इमारतीत होणार नसेल तर मी नव्या इमारतीच्या बाजूनं आहे. पर्यावरणाच्या नावानं म्हाताऱ्या माणसाला घरी बसवू नका.

विंगेतून
@कोल्हापूरकर, हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. वायरिंग आधी, बाकी सगळं नंतर. पूर्ण मान्य.

@मधली_रांग, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण लिफ्ट आणि उतार जुन्या वास्तूला बाहेरून जोडता येतात, जगभर जोडतात. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ ला बंद पडलं होतं. ते न पाडता दुरुस्त केलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं.

@इमारतवाला, पन्नास वर्षं वीज आजच्याइतकीच कोळशाची राहील असं धरलंत, तिथे माझं अडतं. वीज वर्षागणिक थोडी थोडी स्वच्छ होत जाणार. सिमेंटचा धूर मात्र आज, एकदम जाणार. आणि सौर पॅनेलचंच म्हणाल तर साडेबाराचा प्रयोग सोडला तर नाट्यगृहाची भूक संध्याकाळनंतरची. ते लावावेत, पण त्यांच्यासाठी इमारत पाडायचं कारण नाही.

मला इमारतीइतकाच महत्त्वाचा वाटतो तो टेम्पो. प्रत्येक नाटक आपले फ्लॅट्स (नेपथ्याच्या उभ्या भिंती), आपल्या लेव्हल्स (उंची देणारे चौथरे) घेऊन गावोगाव फिरतं आणि प्रयोग थांबले की ते प्लायवूड गोदामात कुजतं. संगीत नाटकाच्या काळात राजवाडा, जंगल, रस्ता असे रंगवलेले पडदे एका नाटकातून दुसऱ्या नाटकात जायचे. नाट्यगृहानंच ठरावीक मापाच्या लेव्हल्स, जिने, दारं ठेवली तर निम्मा टेम्पो रिकामा होईल.

डिमर_बोर्ड
लेव्हल्सचं पटलं. दिव्यांनाही तेच लागू करा, चांगला संच नाट्यगृहातच हवा. आणि सकाळी सेट लागताना फक्त वर्किंग लाइट (कामापुरता साधा दिवा), एसी बंद. याला तर पैसेही लागत नाहीत.

प्रेक्षकांचंही बोला. मेट्रोचं संभाजी उद्यान स्थानक चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण साडेनऊचा प्रयोग सुटतो तेव्हा शेवटची गाडी निघून गेलेली असते. म्हणून सगळे दुचाकी-चारचाकी काढतात आणि मग नव्या आराखड्यात मोठं पार्किंग मागतात. रात्रीचा प्रयोग आठला सुरू करा.

इमारतवाला
आठला सुरू केला तर साडेपाचचा प्रयोग उतरवून दुसरा सेट लावायचा कधी? तुमचेच लोक आधी ओरडतील.

वीज स्वच्छ होत जाईल हा मुद्दा मी धरला नव्हता, तो रास्त आहे. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. सांगाड्याची ताकद तपासून, वर्षभराची वीज एसी, दिवे, पंप अशी वेगवेगळी मोजून दोन्ही अहवाल लोकांसमोर ठेवावेत. सांगाडा आणखी तीस वर्षं टिकेल असं निघालं तर पाडू नका म्हणून मीच सही करेन. नाही निघालं तर तुम्ही कराल का?

विंगेतून
करेन. पण अहवाल पाडण्याच्या निविदेआधी यायला हवा, नंतर नाही.