दार धरून ठेवलं, जागा दिली: इंग्रजीत आभार कसे मानायचे?

प्रश्न: कुणी दार धरून ठेवलं किंवा पडलेलं पेन उचलून दिलं, तर दर वेळी 'थँक यू व्हेरी मच' जड वाटतं. दुसरं काय म्हणता येईल?

उत्तर १: एवढ्याशा मदतीला नुसतं 'थँक्स' पुरतं. कारण जोडायचं तर 'फॉर'नंतर क्रियापदाचं 'इंग' रूप: 'थँक्स फॉर वेटिंग'. 'थँक्स टू वेट' चूक. 'थँक्स यू'ही चूक. 'थँक्स' किंवा 'थँक यू', दोन्हींची खिचडी नको. ब्रिटनमध्ये 'चिअर्स'ही सर्रास चालतं, पण ते अनौपचारिक.

उत्तर २: 'आय अप्रिशिएट' म्हणून थांबू नका, वाक्य अर्धवट राहतं, पुढे 'इट' किंवा कशाबद्दल ते हवंच. कुणी वाट वाकडी करून मदत केली असेल तर 'दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू' मला सर्वांत आवडतं. त्यातलं 'व्हेरी' जपा, कारण नुसतं 'काइंड ऑफ' हे 'थोडंफार' या अर्थानेही येतं.

उत्तर ३: सूरही सांभाळा. 'थँक्स अ लॉट' सपाट आवाजात म्हटलं की टोमणा वाटतो. आणि काम होण्याआधीच 'थँक्स इन अ‍ॅडव्हान्स' लिहिलं तर काहींना नकाराची वाट बंद केल्यासारखं वाटतं. तिथे 'आय वुड अप्रिशिएट युअर हेल्प' बरं.