मधली वाट आहे की

भरलेला अजस्र टँकर सुएझमधून जात नाही, म्हणून आफ्रिकेला वळसा घालण्यावाचून इलाज नाही, असं काहीजण म्हणतात. पहिलं पटतं, दुसरं नाही. १९७७ पासून इजिप्तची सुमेद पाइपलाइन आहे ना! तांबड्या समुद्रावर ऐन सुखनाला तेल उतरवायचं, सुमारे ३२० किलोमीटर नळातून ते भूमध्य समुद्रावर, अलेक्झांड्रियाजवळ सिदी केरीरला पोचतं. काही जहाजं थोडंच तेल उतरवून हलकी होतात, कालवा पार करतात आणि पलीकडे तेवढंच पुन्हा भरून घेतात.

सिदी केरीरला हे भरणं धक्क्यावर नाही, समुद्रातल्या तरंगत्या बोयावर चालतं. जहाज फक्त नाकाशी बांधतात. वारा फिरेल तसं ते बोयाभोवती फिरतं. मी टँकरवर होतो तेव्हा अशा बोयावर वाऱ्यापेक्षा वारा पडण्याचीच धास्ती जास्त असायची. दोर सैल पडला की जहाज बोयावरच चाल करून जातं. मग मागून टग, म्हणजे जहाज ओढणारी छोटी दणकट बोट, खेचत ठेवायचा, आणि पुढे डेकवर एकजण रात्रभर टॉर्च मारत दोराकडे बघत उभा. बंदरात उतरून भटकणं वगैरे विसराच.